चार पावांइतकी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळ टिकतं?
मी म्हटलं, चार पाव.
त्यांचं पेन थांबलं.
कुताइसीच्या त्या दवाखान्यात भिंतीवर घड्याळ होतं,
माझ्या भट्टीपाशी नाही.
मातीच्या पोटात उंडा चिकटवला
की तांबूस होऊन सुटेपर्यंत
तो एक पाव. मला एवढंच मोजता येतं.

पहिल्यांदा आलं ते मार्चमध्ये, पहाटे.
कंबरेपर्यंत भट्टीत वाकले होते
आणि वाटलं, आता मी बाहेर येत नाही.
तोंडाला कोरड. छातीत कुणीतरी
बंद गोदामाचं दार बडवतंय.
पोटात गोळा आला,
आणि जिने उभ्या आयुष्यात गोळेच मळले
तिला हा मळता येईना.
एक पाव जळला त्या दिवशी. एकच.
अजून विसरलेले नाही.

कारण विचाराल तर आहे, आणि नाही.
तेओना इटलीत असते, बारीला,
एका परक्या म्हातारीला उठवते, बसवते, भरवते.
तिचा फोन आला नाही की येतं.
फोन आला, ती हसली, तिने ठेवला,
तरी येतं.
मग कारण कशाला शोधत बसू?

आधी मी पळायचे.
अंगात पिठाने माखलेला झगा, तशीच पुलापर्यंत,
खाली रिओनी आपल्या नादात.
पळाले की ते थांबायचं, हे खरं.
पण दुसऱ्या दिवशी लवकर यायचं.
दार कुठे आहे ते त्यालाही कळलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पळू नका, बसा त्याच्या शेजारी.
भट्टीशी बसायला जागा कुठली?
उभीच राहिले.
टाचा फरशीत रोवल्या, मिठाच्या पाण्यात मनगटं बुडवली.
श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ,
फळीवरचं पीठ फुंकरीने हलेल
पण उडणार नाही, इतका सावकाश.
पहिला पाव: मरणार.
दुसरा पाव: मरणारच, पण कणीक फुगून आलीय, आधी ती लावू.
तिसऱ्याला उतार लागतो.
हे सांगून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.
चौथ्याला कळतं, पाठीवरचा घाम गार झालाय.

गोळीही घेते, रात्री अर्धी. आता लपवत नाही.
काही पहाटे सात पाव होतात.
परवा नऊ झाले, मग मोजणं सोडलं आणि रडले,
आणि उजाडल्यावर ते नऊही विकले.
कुणी म्हणालं नाही, खारट आहेत.

जुंबेर टॅक्सीवाला सहाला खिडकीशी येतो.
अकरा वर्षांत आमचं बोलणं एवढंच, "दोन" आणि "घे".
मंगळवारी पैसे घेताना माझा हात थरथरला
तेव्हा मीच सांगून टाकलं,
आज पाच पावांइतकी होती.
कसली, असं त्याने विचारलं नाही.
टोपी काढली, परत घातली.
"माझी रिकोतीच्या बोगद्यात सुरू होते," म्हणाला,
"मागच्या सवारीला कळू नये म्हणून रेडिओ मोठा करतो.
बाहेर उजेड आला तरी दोन वळणं जात नाही."
"मग?"
"मग तिसरं वळण येतं."

त्याने दोन पाव घेतले.
एकाचं टोक गाडीपर्यंत पोचायच्या आत मोडून खाल्लं.
गरम होतं, जीभ भाजली असणार.
आत अजून सहा लावायचे होते.
मी वाकले.