फरूश

मुहर्रकच्या जुन्या धक्क्यावर पहिल्या दिवशी
मला वाटलं, ही नदीच.
दोन काठ, मध्ये हिरवं पाणी, पलीकडे होड्या.
ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलो.
खुदाबख्श हसला. "इथं नदी नसते," म्हणाला,
"समुद्रच आत येतो, बसतो, उठून जातो."

धक्का खचलेला. सोळा पावलांची भिंत.
कंपनीच्या कागदावर ग्रॅनाइट,
माप मिलिमीटरमध्ये, जहाज कुठल्या तारखेला लागणार तेही.
फियोरेल्लाबाईने तो कागद दुमडला
आणि टोपीत खोचला, ऊन होतं म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत ती सांगायची, डबा तसाच उघडा:
तिच्या मुलखात रोमन लोकांनी नदीवर बंदर बांधलं,
तेव्हा आधी माणसं नुसती चालत गेली असतील
काठाकाठाने, हातोडी घेऊन.
ठोकल्यावर जिथे आवाज बरा आला तिथे खाण.
"असं मला वाटतं हं. लिहून कोणी ठेवलेलं नाही."
राखेचा मऊ दगड पोटात,
नावा आदळतील तिथे भोकाभोकांचा पांढरा,
वरच्या डोंगरातून पाण्यानेच उतरवलेला.
"संगमरवर देवळाला. धक्क्याला शेजारचा."

भोकाभोकांचा म्हणाली आणि माझा घास थांबला.
हातखंब्याला आमच्या खाणीत
चिरा निघतो तेव्हा ओल्या गुळासारखा,
कुऱ्हाडीनेही तासावा.
मग वारा पीत पीत असा घट्ट होतो
की दाजी म्हणायचे,
आता ह्याला नाव विचारून हात लाव.

फरूशही त्याच जातीचा.
पूर्वी ओहोटीला गुडघाभर पाण्यात
पहारीने सोडवायचे, पाटाएवढे तुकडे.
आता बंदी आहे, बरंच आहे.
आम्ही पडक्या घरांचा आणला,
गोड्या पाण्यात तीन आठवडे बुडवला, मीठ सुटेपर्यंत.
दगडांसाठी टँकर यायचा.
आमच्या खोलीत नळ एक तास.
हे मी कोणाला म्हटलं नाही.

एक तुकडा निघाला निजायच्या खोलीतल्या भिंतीचा.
पोटात शिंपला, आणि कडेला
दोरीने खाल्लेली खाच, अंगठा बसेल एवढी.
म्हणजे घर होण्याआधी हा धक्क्यालाच होता.
घराचे मालक हाजी सनद, नव्वदीचे,
त्यांना खुर्चीसकट आणलं.
खाचेत बोट फिरवून म्हणाले,
"आजोबांनी कुठून तरी उचलला असेल."
जरा थांबून, "चोरला असेल."
आम्ही हसलो. तेही.

तो मी बसवला, खाच पाण्याकडे करून.
इंजिनिअर म्हणाला, उलटा बसव, साफ दिसेल.
मी हो म्हणालो
आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी बाई अहवाल भरत होती.
साहित्य: स्थानिक की आयात?
तिने स्थानिकवर खूण केली, दोनदा गिरवली.
खाली मजूर: अकरा.
तिथे तसा प्रश्न नव्हता.
मी उगाच पेनाकडे बघत राहिलो.
खुदाबख्शने पाठीवर थाप मारली, चुना उडाला.
मग कान जवळ आणून,
खाणीतल्या माणसासारखं तोंड करून म्हणाला,
"बरा येतोय आवाज."