साठ पौंड

ऐरोलीच्या मैदानात, मांडवाच्या दांडीला
माझा ताणकाटा टांगलेला.
धनुष्य अडकवायचं, दोरी खाली ओढायची,
साठ पौंडांच्या वर गेलं की परत.

रजनी उंबरसाडाचं कंपाउंड अडुसष्ट भरलं.
जुनं, परदेशातून फिरत आलेलं,
वरच्या पात्यावर हरणाचं डोकं छापलेलं.
तिकडे म्हणे कायदा उलटा :
चाळीसच्या खाली ताण असेल
तर शिकारीला जायचं नाही,
जनावर अर्धमेलं पळतं.

"बोल्ट सैल कर," मी म्हटलं, "वर-खाली सारखेच."
तिने चावी फिरवली.
चौसष्ट.
एकसष्ट.
मागे रांग कुरकुरायला लागली.

"येऊरला आमच्या लाडक्या आजाकडं पण होतं,"
ती मान वर न करता म्हणाली,
"बांबूचं. गार्डानं नेलं.
पंचनाम्यात लिवलंय, धनुष्य, नग एक, जुने.
ताण कुणी मोजलाच नाय.
आजाचा काटा येगळा होता :
गाभण भेकरीवर नाय,
पाण्याला तोंड लावलेल्यावर नाय,
आन् पयला तीर चुकला
का त्या दिवशी घरी, भात नि मीठ."

मग चावी थांबली.
"किती पौंडाचं असंल वो ते, सर?"

बावीस वर्षं मी या काट्याशी उभा आहे.
बाणाची जाडी विचारा,
दशांश चिन्हासकट सांगेन.

"टांगल्याशिवाय
नाही सांगता येत," म्हटलं.

एकोणसाठ पूर्णांक आठ.
मी हिरवं स्टिकर चिकटवलं,
नेमकं हरणाच्या डोळ्यावर.
दुसरीकडे जागा नव्हती.