रकाना नऊ

बँकेतल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला
आणि नखाने रकाना नऊ दाखवला :
पैसे घेणाऱ्याशी तुमचं नातं.

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

रक्कम एकवीस हजार सातशे.
वरचे सातशे सुवार्ता लोंढेच्या अनारशांचे,
शेवटच्या रविवारी चर्चच्या पायरीवर
उभ्या उभ्या विकून मोकळी झाली ती.
कारण म्हणून मी 'पत्रे' लिहिलं.
मुलगी म्हणाली, पत्रं? टपालाची?
नाही गं, छपराचे.

हा-तेबेलो गावात ऑगस्टच्या वाऱ्याने
प्रार्थनाघराचे सोळा पत्रे उचलले
आणि मेंढ्यांच्या दोन वाड्यांपलीकडे नेऊन ठेवले.
मापुलानेने असंच लिहिलं होतं, तक्रार न करता,
पाहुण्याला कुठवर पोचवून आलो ते सांगावं तसं.

त्यांच्याकडे 'हा' म्हणजे 'अमक्याचं ठिकाण'.
आम्ही बारा वर्षं बोट दाखवल्यासारखं वाचलं :
हा तेबेलो. हा बघा, हा.

ज्या वर्षी धर्मप्रांताने चिठ्ठ्या काढल्या
माझगावच्या आमच्या मंडळीला लेसोथो निघालं.
भिंतीवर नकाशा लागला. मोठ्या देशाच्या पोटात
चुकून गिळलेल्या चिंचोक्याएवढा देश.
भागीदारी, असं बिशपसाहेबांच्या पत्रात होतं.
गोदीत जन्म घालवलेले आशेर पाथरे म्हणाले,
भागीदारीत कोण कुणाला बुडवणार, ते आधी ठरवा.

मग दर दुसऱ्या गुरुवारी
न पाहिलेल्या माणसांची नावं.
रेत्सेलिसित्सो या नावाशी आम्ही सगळ्याजणी ठेचकाळलो.
पुढे कळलं, लिहायचं लि आणि म्हणायचं दि.
म्हणजे चार वर्षं आम्ही भलत्याच कुणाला तरी
देवाच्या हवाली करत होतो.
तोही असेल कुठेतरी सुखरूप.

मापुलाने म्हणजे पुलानेची आई.
तिचं स्वतःचं नाव मला माहीत नाही.
मला तरी चाळीत कोण सुनंदा ओहोळ म्हणतं?
मी सही करते : मानाथान.
वर सलाम, खाली खोत्सो. दोन्हीचा अर्थ शांती.

हे सेंट जॉर्जमध्ये होते तेव्हा
तिला दोन ओळी टाकल्या होत्या.
तिचं उत्तर माझ्या हाती आलं
तेव्हा इकडे एकोणीस दिवस होऊन गेले होते.
रोज पहाटे, तिने लिहिलं होतं,
पायाखाली गोठलेलं दव करकरतं
तेव्हा आम्ही अकराजणी
त्यांना हाताला धरून उठवून बसवतो.

मी कळवलं नाही.
आणखी एक महिना
त्यांना तिकडे बरं होऊ दिलं.

पुढच्या मे महिन्यात तिथले पाळक आले
घामाने निथळत, काखेत जाडजूड लोकरी घोंगडं,
त्यावर मक्याची कणसं विणलेली.
निरोप होता, एकटीला थंडी जास्त वाजते.
मुंबईत. मे महिन्यात.
मी पंखा पाचवर ठेवला
आणि पांघरून झोपले.

बहीण लिहू? मी मुलीला विचारलं.
मग कागदपत्रं लागतील काकू, आडनावं जुळावी लागतील.
तिने पडद्यावरची यादी खाली खाली नेली,
तळाशी 'इतर' होतं.
इतर टाकते, म्हणाली, पैसे लवकर जातात.

जिना उतरताना आठवलं,
हे म्हणायचे, वाऱ्यात नुसत्या खिळ्याने पत्रा धरत नाही.
वायसर हवा, खाली रबराचा, वर लोखंडी,
आणि खिळा पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा,
खोलात मारला तर पाणी आत येतं.

तशीच परत वर गेले, पेन मागितलं,
पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं सगळं,
विसरायच्या आत.
आज रात्री पत्र लिहायला घेईन.
नाथानचे बाबा म्हणतात, अशी सुरुवात करीन.