छेद

तुर्भ्याच्या मागं, बोनसरीच्या चढावर
मी अंगणवाडीत पोचलो तेव्हा
पोरं खिचडी संपवून भिंतीला टेकली होती
आणि वाशाला लटकत होता झोळीचा काटा,
रिकामा असूनही शंभर ग्रॅम दाखवणारा.
"खोड हाय त्याची," द्वारका मढवी म्हणाल्या,
"मी दर वेळी शंभर वजा करते.
पायात वाळे असले तर आनखी पन्नास."

मी त्रयस्थ.
म्हणजे योजना देणारा नाही, घेणाराही नाही.
वाशीची एजन्सी फॉर्ममागं नव्वद रुपये देते,
टॅबचं चार्जिंग माझं.

आकडे सुरेख होते.
गेल्या साली चौसष्टांत अकरा अतितीव्र,
यंदा एकावन्नांत तीन.
सतरा टक्क्यांवरून सहावर.
टॅबनं आपणहून हिरवा बाण काढला.
मी म्हणालो, अभिनंदन बाई.

त्यांनी पिठाच्या डब्यामागून वही काढली,
लाल पुठ्ठ्याची, कोपरे उंदरानं खाल्लेले.
"ही तुमच्या कामाची नाय," म्हणाल्या
आणि माझ्याच पुढ्यात ठेवली.

खाण बंद झाली तसे क्रशर थांबले,
क्रशर थांबले तशी वडारवस्ती विरळ झाली.
अकरांतली सात पोरं त्या विरळ होण्यात गेली.
दोन शिळफाट्याला, तीन उरणच्या अंगाला,
बसू गुलबर्ग्याकडं, आजीपाशी.
सातव्याच्या आईचा नंबर लागतो,
पण उचलतो भलताच माणूस,
आणि तोही आता वैतागलाय.
आठव्या नावापुढं काहीच नव्हतं,
फक्त तारीख, आणि तिच्याखाली दोनदा ओढलेली रेघ.

"मग सुधारलं कोण?"
"आकाश धोत्रे. त्यो खरा सुधारला.
त्याला अंडं आवडायचं, म्हून."
आकाश दारात उभा राहून माझा टॅब बघत होता.
दोघं होती तशीच आहेत.
एक नवी घसरली, मार्चपासून.

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, वर अंश, खाली छेद,
छेद शून्य नाही ना, तेवढं बघा.
छेदातून कुणी उठून गेलं तर काय करायचं
हे त्यांनी शिकवलं नाही,
किंवा शिकवलं असेल, मी गैरहजर असेन.

टॅबमध्ये रकाना आहे: स्थलांतरित.
त्यावर बोट ठेवलं की नाव करडं होतं
आणि बेरीज त्याला ओळख देत नाही.
मी सुपरवायझरला फोन लावला.
ते म्हणाले, वगळा, सगळीकडे वगळतात,
आणि लवकर आवरा, दिघ्याचे चाळीस फॉर्म बाकी आहेत.

शेऱ्याच्या चौकटीत दोनशे अक्षरं मावतात.
मी सात नावं लिहायला घेतली,
उरणच्या तिसऱ्यापाशी चौकट भरली.

द्वारकाबाई तोवर फोन लावत होत्या.
शनिवार होता. शनिवारी त्या लावतात,
स्वतःच्या रिचार्जवर, पाळीपाळीनं.
शिळफाट्यावर रेणुकाची आई
लेकीला भंगारवाल्याकडं नेते,
पत्रे आणि बाटल्या जोखायच्या काट्यावर उभी करते
आणि जे दिसेल ते सांगते.
ह्याला कुठल्या कार्यक्रमाखाली दाखवायचं,
कुठल्या निधीतून,
ते मी विचारलं नाही.

"माझी अंगणवाडी पास का नापास?"
निघताना त्यांनी विचारलं, चपलेत पाय सरकवत.
मी म्हणालो, हिरवा बाण आलाय.
"बाण नगं. तू सांग."

मी चढ उतरलो.
खालच्या वळणावर हाक आली,
हातात फोन, कानापासून जरा लांब धरलेला:
"रेणुका! नऊ किलो चारशे!
पर काटा भंगाराचा हाय,
शंभर-दोनशे इकडंतिकडं!"