शालेय

खानापूर, शिक्षण खात्याचं हापिस. तिसरी खेप.
पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला बेळगावात,
दुसऱ्या खेपेला लाइट नव्हती.
आज लाइट आहे, साहेब नाहीत,
हिरेमठ क्लार्क आहेत आणि त्यांचा डबा उघडा आहे.

विचारायचं एवढंच होतं, मी म्हटलं,
पोर घरी शिकवली तर चालतं काय?
"कोण शिकवूलंय?"
मीच की ओ.
"तुमी टीचर?"
बालवाडीत होते. चार वर्षं.
त्यातलं आठ महिन्यांचं मानधन अजून यायचंय.

त्यांनी बोटाचं तेल पुसलं, कायद्याचं पुस्तक काढलं.
सहा ते चौदा. फ्री. कंपल्सरी.
कंपल्सरी कुणाला? मी विचारलं.
हिला, मला, का सरकारला?
हिरेमठांनी पान उलटलं, परत सुलटं केलं.
"घरी शिकवू नये असं हितं मला तर दिसत नाही बाई.
शिकवा म्हणूनबी दिसत नाही."
मग आम्ही दोघंही बघत राहिलो
दोन ओळींमधल्या पांढऱ्या जागेकडं.
गेली दोन वर्षं आम्ही मायलेकी तिथंच राहतो.

गावची शाळा बंद झालेली नाही, कागदावर.
सात पोरं होती, मग तीन, मग मास्तरांची बदली,
मग कुलूप,
मग कुलपावर गांधीलमाश्यांचं पोळं.
दुसरी शाळा साडेसात किलोमीटर, रान ओलांडून.
तिथं अस्वलाचा कायदा आहे आणि तो अगदी स्पष्ट आहे:
पहाटे आणि तिन्हीसांजेला वाट त्याची.

म्हणून मलप्रभा घरी.
व्याज तिला येतं, गटाच्या बायकांची वही तीच लिहिते.
नकाशा येतो; आपल्या नावाची नदी
कणकुंबीपासून कुठवर जाते ते बोटानं दाखवते.
कन्नड मी नाही शिकवलं, मलाच येत नाही.
ते ती बसच्या पाट्यांवरून शिकली, रेशनच्या पावतीवरून.
आमच्याकडं गाडी उशिरा येते,
पुष्कळ शिकून होतं.

सर्व्हेवाल्या बाईनं तिला यादीत घातलं: शाळाबाह्य.
बाह्य म्हणजे गं?
बाहेरचं.
मग आत कोण आहे? कुलूपच तर आहे.

"फॉर्म भरून द्या," हिरेमठ म्हणाले, "मग बघू."
फॉर्म कन्नडात.
मराठीतला?
"संपलाय."
हसावंसं दोघांनाही वाटलं असेल.
कुणी हसलं नाही.

मलूनं कागद ओढून घेतला, बोट ठेवून वाचायला लागली.
हेसरु. माझं नाव.
तंदेय हेसरु. बाबांचं.
तायिय हेसरु. आई, हे तुझं.
शालेय हेसरु.

शालेय मलाही कळलं.
तेवढा शब्द दोन्हीकडचा निघाला,
आणि तिथंच पेन थांबलं.

"मोकळं ठेवू नका," हिरेमठ म्हणाले,
"कॉलम मोकळा असला की कॉम्प्युटर घेत नाही.
कायतरी अक्षर पाहिजे त्याला."

तिनं लिहिली. दोनच, गोल गोल, जिलबीसारखी.
काय लिहिलंस?
मने, ती म्हणाली. मने म्हणजे घर. कन्नडात.

मला मात्र ते मराठीतच ऐकू आलं.

हिरेमठ डब्याचं झाकण हातात धरून बराच वेळ बघत होते.
"कॉम्प्युटर घेईल," म्हणाले.
"साहेबांचं सांगता येत नाही."
मग शिक्का शोधला, फुंकर मारली, पोच फाडून दिली.
पोच म्हणजे मंजुरी नव्हे, हे दोनदा सांगितलं,
मला मराठीत, तिला कन्नडात.
तिनं दोन्ही वेळा मान हलवली.

स्टँडवर चार गाड्या उभ्या होत्या, एकसारख्या लाल.
पोच मी ब्लाउजात ठेवली.
जांबोटीची कुठली, ते तिलाच विचारलं.