रविवारचा आकडा

नळ साडेपाचला येतो, सातला जातो.
शाळा असताना जिला उठवायला चार हाका लागायच्या
ती तितिक्षा आता माझ्याआधी अंगणात,
हिरवा पाइप गळ्यात घालून, गारुड्यासारखी.
"बाबा, टाकी भरून राहिली, बंद करू?"
थांब, बोटभर अजून.
गेल्या वर्षीच्या वाळ्याला पाणी लागतं,
कूलर खोकतो, थरथरतो,
मग असा वास सोडतो
की आम्ही दोघंही मिनिटभर बोलत नाही.

सुटी तिला सत्तेचाळीस दिवसांची.
मला शनिवार आणि रविवार.
तिच्या आईला तीही नाही. ऊन चढलं की मेडिकलमध्ये
उष्माघाताचा वॉर्ड उघडतो, खाटांवर ओल्या चादरी येतात
आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचे
तिनं केलेले लाल गोल
तीच एकेक करून खोडते.

बावनकर काकू कुंपणावरून विचारतात,
"गावाला नाही गेले यंदा?"
"गेलो न! आजच निघालो. उद्या रात्री परत येऊ."
काकू हसतात.
मला तो हिशेब समजायला जरा वेळ लागतो.

गोकुळपेठेत तर्री पोहे.
ती नाक पुसते, मी पाहतो,
मी पाहतो हे ती पाहते.
"तिखट नाही लागून राहिलं मला. घाम आहे हा."
घाम तर घाम. भाऊ, हिला चणे वाढा अजून.
पुढं टरबुजांच्या ढिगाशी ती उकिडवी बसते,
टिचकी मारते, कान लावते,
मान अगदी आईसारखी कलती.
"हे नको. याला ताप आहे."
टरबूजवाला माझ्याकडे बघतो. मी दुसरं उचलतो.

दहानंतर रस्ता आपला नाही.
खिडक्यांना जुन्या चादरी, घरात जांभळा अंधार,
कॅरमवर तिनं इतकी पावडर सांडलेली
की राणी आपल्या पायानं चालत जाते भोकात.
हा नवीन नियम आहे म्हणे.
तीनला लाइट जाते.
कूलरची पाती हळू, अजून हळू,
आणि मोजता येतात.
"चारच होती? मला वाटे लय असतील."

रविवारी पाचनंतर डबा.
स्कूटरच्या सीटवर ओला टॉवेल, दोघांच्या तोंडाला दुपट्टे,
तिच्या खिशात कांदा, मी सांगितला म्हणून.
सिग्नलवर हिरवी जाळी बांधलीय;
तिच्या सावलीत सगळं शहर थांबलेलं,
पांढऱ्या रेषेच्या कितीतरी मागे.
दिवा हिरवा झाला तरी कोणाला घाई नाही.

आई फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली येते.
उभ्यानंच खाते
लेकीनं लाटलेली लांबट, तिरपी पोळी.
तितिक्षा सांगते, कॅरम, टरबूज, पाती चार,
सगळं एका श्वासात, कारण घड्याळ
आईच्या छातीवर उलटं टांगलेलं असतं
आणि ते तिला सुलट वाचता येतं.
निघताना ती स्वतःच्या खिशातला कांदा काढून
आईच्या एप्रनमध्ये टाकते.
आई काही बोलत नाही.
खिशावर हात ठेवून आत जाते.

रात्री गच्चीवर दोन बादल्या ओतल्या, गाद्या टाकल्या.
सिमेंट अजून वाफ सोडतंय.
ती टॉर्च दातात धरून वही लिहिते.
तीन रकाने: तारीख, तापमान, काय केलं.

शनिवार. पंचेचाळीस पूर्णांक दोन. बाबा हरले.
रविवार.          आई, दहा मिनिटं.

मधली जागा तशीच ठेवून ती झोपते.
रविवारचा आकडा सोमवारच्या पेपरात येतो
आणि आमचा पेपरवाला काही
साडेनवाच्या आत येत नाही.
तोवर मी निघालेलो असतो.