बसकी चौतारी

पाठीवर आठ खुर्च्या आहेत,
लाल, प्लॅस्टिकच्या, एकीत एक घातलेल्या,
आणि मला बसायला जागा नाही.

वरच्या खोऱ्यात कुणी लॉज काढलंय.
पाहुणे अंगणात पाय लांब करतील,
बर्फाकडे बघत चहा पितील.
त्यांचं बसणं मी वाहते आहे
गुदेलच्या उतारावरून,
कपाळावरच्या पट्ट्याने.

समोर बुंग. इतकं समोर
की तिथला कोंबडा इथे ऐकू येतो.
मधे होंगू नदी.
आधी तिच्यापर्यंत खाली, मग पुन्हा वर,
आणि तोवर कोंबडा झोपलेला असतो.

सासरे पुढे. रत्नहांग राई.
वय विचारलं तर म्हणतात, "पुलांच्या आधीचा."
पाठीवर आता नातवाएवढंच ओझं,
तोंड मात्र पूर्वीसारखंच भरलेलं.
"चालणं काय, बकरीलाही येतं, सूनबाई.
विसावा शिकावा लागतो.
तोकमा टोपलीखाली लाव."
तोकमा म्हणजे आखूड काठी, वर आडवी फळी,
हमालाचा तिसरा पाय.
"ओझं त्याच्यावर सोड. पट्टा काढू नकोस.
आता शीळ घाल."

घालते. छातीतली सगळी हवा
दातांमधून निघते, सुईसारखी बारीक.

"ओली पाठ वाऱ्याला दाखवू नकोस.
बुटाचे बंद सोडू नकोस,
फुगलेले पाय परत ओळख देत नाहीत.
वीस श्वास. बास.
एकविसावा नेहमी म्हणतो, अजून एक."

हा झाला उभ्याचा विसावा.
बसायचं ते चौतारीवर:
पिंपळाखाली रचलेला दगडी पार,
पाठ करून मागे सरकायचं,
टोपली दगडाला टेकते
आणि मान एकदम आपली होते.

पण या वाटेवरच्या चौताऱ्या
उंच माणसांनी रचल्या.
गवंडी आपल्याच कमरेला हात लावून माप घेतो.
माझी सासू आइतमाया, आइतवारची जन्मलेली,
साडेचार फूट, तेही केस बांधल्यावर.
तीस वर्षं ती पारासमोर उभी राहिली
तोकम्यावर रेलून,
आणि वर बसून मका खाणारे म्हणायचे,
"ये की. बस की."
सासरेही म्हणायचे.
हे ते स्वतःच सांगतात,
मग पुढची दोन वळणं काही सांगत नाहीत.

ती गेल्यावर तिच्या नावाने चौतारी बांधायचं ठरलं.
गवंडी आला, कमरेला हात लावला.
सासरे घरात गेले, तिचा तोकमा घेऊन आले,
झिजलेला, मुठीपाशी काळा.
जमिनीवर उभा धरला.
"इथवर. बोटभरही वर नाही."

लोक हसले. कुणी म्हणालं, कोंबड्यांसाठी का?
नाव पडलं, बसकी चौतारी.

आता तिथे गवताचे भारे घेतलेल्या पोरी थांबतात,
शाळेतून येणारी पोरं,
एक म्हातारी, जिला वाटेवर कुणीच ओळखत नाही.
आज एक परदेशी होता,
गाल फुगवून रबरी उशीत हवा भरत.
बघत राहिले:
त्याचा विसावा हवा भरल्यावर सुरू होतो,
आमचा सोडल्यावर.
त्याने सरकून जागा दिली.

मी आइतमायापेक्षा दोन बोटं उंच,
तेवढी वाकले.
आधी खुर्च्या बसल्या.
मग मी.

सासरे शेजारी बसले.
इतक्या खाली बसलं की
त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात,
कंबर दुखते, उठताना झाड धरावं लागतं.
तरी पलीकडच्या उंच पाराकडे बघतही नाहीत.

वीस श्वास केव्हाच झाले.
मी मोजते आहे हे त्यांना कळू देत नाही.